गोटी दाराकडे पळते ती खोली

पहिल्या मुक्कामात मला सात नंबरची खोली मिळाली होती. रात्री पाण्याची बाटली हातातून निसटली आणि कार्पेटवरून गडगडत थेट दारापाशी जाऊन थांबली. उचलून पलंगाजवळ आडवी ठेवली, तर पुन्हा दाराकडे. सकाळी किल्ली परत करताना काउंटरमागच्या आजींना हे गमतीने सांगितलं, तर त्यांना काहीच नवल वाटलं नाही. "तीन, पाच, सात, नऊ, अकरा. पाचही तशाच. माझा नातू लहानपणी तिथे गोट्या सोडायचा."

अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्याच्या पूर्वेकडच्या एका छोट्या गावात, जुन्या रूट ६६ या महामार्गावर हे मोटेल आहे. त्याचं नाव लिहीत नाही, मालकांची तशी इच्छा आहे. आजी गुजराती, माहेर नवसारीकडचं. लग्नाआधी काही वर्षं मुंबईत गेल्यामुळे मराठी छान समजतं, बोलताना मात्र गाडी गुजरातीवर घसरते. घरातले सगळे त्यांना बा म्हणतात, मीही म्हणू लागले. मी पुण्यात आर्किटेक्चर शिकले, पण गेली कित्येक वर्षं अल्बुकर्कीत एका कचेरीत दुसऱ्यांच्या इमारतींचे नकाशे काढते. बांच्या नातवाला हे कळलं आणि त्याने विचारलं, "दीदी, आमचं मोटेल नॅशनल रजिस्टरमध्ये जाईल का?" त्याला पाटी दुरुस्त करायची होती, आणि यादीत असलेल्या वास्तूला अनुदान मिळायची शक्यता वाढते असं त्याने कुठेतरी ऐकलं होतं. मला वाटलं, चार-पाच शनिवारांचं काम. दोन वर्षं गेली.

नॅशनल रजिस्टर म्हणजे ऐतिहासिक वास्तूंची अमेरिकेची राष्ट्रीय यादी, १९६६ च्या कायद्याने सुरू झालेली. अर्जाचा जीव दोन प्रकरणांत असतो. सातव्यात वास्तू आज कशी आहे ते लिहायचं आणि आठव्यात ती महत्त्वाची का ते. शिवाय नकाशे, फोटो आणि जागेची हद्द. वास्तू साधारण ५० वर्षांपेक्षा जुनी हवी. आणि सगळ्यात छळणारा भाग म्हणजे तिच्यात मूळपण किती उरलंय ते सात कसोट्यांवर दाखवायचं: जागा, रचना, परिसर, साहित्य, कारागिरी, तिथे उभं राहिल्यावर येणारा भास आणि इतिहासाशी असलेलं नातं. भास हा शब्द सरकारी कागदात पाहून मी दोनदा वाचला.

बांना पहिली भीती वेगळीच होती. "सरकार मोटेल घेऊन टाकेल?" नाही घेणार. खासगी मालकाने रीतसर लेखी हरकत घेतली तर नोंद होतच नाही. आणि झाली तरी मालक स्वतःच्या पैशाने हवं ते करू शकतो, अगदी पाडूसुद्धा शकतो. हे सांगताना मला सेंट लुईसजवळचं कोरल कोर्ट आठवत होतं. १९४१ च्या सुमाराचं ते मोटेल, मधाच्या रंगाच्या चकचकीत विटा, गोलाई घेतलेले कोपरे, काचेच्या ठोकळ्यांच्या खिडक्या, आणि गॅरेजमध्ये गाडी घातली की आतूनच खोलीत जायची सोय. १९८९ साली ते यादीत आलं आणि १९९५ साली जमीनदोस्त झालं. त्यातला एक तुकडा तेवढा तिथल्या वाहतूक संग्रहालयाने उचलून नेऊन पुन्हा उभा केला. यादी म्हणजे कवच नाही. बांना मी एवढंच सांगितलं की कुणी काही घेणार नाही. त्यांनी नातवाकडे बघून मान हलवली आणि चहा टाकला.

मग मोजमाप सुरू झालं. मोटेल इंग्रजी एल अक्षराच्या आकाराचं आहे. रस्त्याला लागून ऑफिस, त्याच्या मागे मालकाचं घर, आणि एका रांगेत खोल्या मागपर्यंत गेलेल्या. मधलं अंगण गाड्यांसाठी. लेझरचं यंत्र घेऊन मी एका शनिवारी सगळं मोजलं, रविवारी घरी नकाशा काढायला बसले, आणि तो जुळेना. शेवटची खोली शेजारच्याच्या कुंपणात चार फूट घुसत होती. चूक शाळकरी होती. मी सगळ्या भिंती मोजल्या पण कर्ण एकही मोजला नव्हता, काटकोन गृहीत धरला होता. पुन्हा पावणेतीन तास गाडी चालवून गेले. ऑफिस रस्त्याला समांतर आहे आणि रस्ता तिथे तिरका जातो. खोल्यांची रांग मात्र जमिनीच्या हद्दीला धरून आहे, आणि इकडची जमीन सरकारी मोजणीत चौकटी चौकटींनी उत्तर-दक्षिण आखलेली. त्यामुळे एल थोडा फाकलेला. बांधणाऱ्याने ठरवून केलं की नाईलाजाने, कोण जाणे, पण या फाकण्याचा फायदा असा की पश्चिमेकडून येणाऱ्या गाडीला सगळ्या खोल्यांची दारं एका नजरेत दिसतात. चाळीस मैलांच्या वेगाने जाणाऱ्या थकलेल्या माणसाला जागा आहे की नाही हे दोन सेकंदांत कळायला हवं. मोटेलच्या वास्तुकलेचं अर्धं शास्त्र एवढंच आहे. उरलेलं अर्धं पाटीत.

पाटीकडे येतेच. त्याआधी कागद.

मोटेल कधी बांधलं, हा साधा प्रश्न. बा म्हणायच्या १९४५, नातू म्हणायचा १९३८, आणि ऑफिसातल्या माहितीपत्रकावर तिसरंच साल होतं. मी आधी विमा कंपन्यांसाठी काढलेले सॅनबॉर्नचे नकाशे पाहिले. ते फार देखणे असतात, एका इंचाला पन्नास फूट, विटेची इमारत गुलाबी, लाकडाची पिवळी. पण आमच्या गावाचा नकाशा मोटेलच्या चार चौक अलीकडेच संपत होता. तेव्हा ते गावाबाहेर होतं ना! मग काउंटीच्या कचेरीत खरेदीखतांच्या वह्या चाळल्या. तिथे नावांची साखळी मिळाली, पण किंमत कुठेच नाही. प्रत्येक खतात "दहा डॉलर आणि इतर योग्य मोबदला" एवढंच. पहिल्या वहीत मी हे वाचून हरखले होते, दहा डॉलरला जमीन! तिसऱ्या खतात पुन्हा दहा डॉलर दिसले तेव्हा लक्षात आलं की हा फक्त लिहायचा रिवाज आहे. १९४० च्या खतात नुसती जमीन होती, १९४३ च्या खतात "त्यावरील इमारतींसह". म्हणजे मधल्या तीन वर्षांत.

पुढचं उत्तर एका पोस्टकार्डाने दिलं. कापडासारख्या खरखरीत कागदावर छापलेली रंगीत कार्डं असतात, तसलं ते. शिकागोची कर्ट टाइक कंपनी अशी कार्डं लाखोंनी छापायची आणि कोपऱ्यात बारीक क्रमांक टाकायची. त्यातलं अक्षर दशक सांगतं: ए म्हणजे तीसचं, बी म्हणजे चाळीसचं, सी म्हणजे पन्नासचं. त्याच्या आधीचा आकडा म्हणजे वर्ष. आमच्या कार्डावर १बी होतं, म्हणजे १९४१. ऑनलाइन लिलावात ते नातवाने अकरा डॉलरला घेतलं. त्या कार्डावर मोटेलपुढे हिरवंगार लॉन, मागे गुलाबी ढग, आणि विजेचा एकही खांब नाही. बांनी चष्मा लावून पाहिलं. "इथे गवत? चाळीस वर्षांत एक काडी उगवली नाही माझ्याकडे." ही कार्डं छापताना कारागीर फोटोतून तारा-खांब पुसायचे आणि हिरवळ रंगवायचे. तेव्हा कार्डावरच्या रंगावर विश्वास ठेवायचा नसतो, पण भिंतींच्या आकारावर ठेवता येतो. आणि त्या भिंतींमध्ये, दर दोन खोल्यांच्या मध्ये, एक काळं तोंड होतं. एकूण पाच तोंडं.

गॅरेजेस. तीन, पाच, सात, नऊ, अकरा.

म्हणून गोटी पळते. गॅरेजची फरशी दाराकडे उतरती ओततात, गाडीवरून गळलेलं पाणी बाहेर जावं म्हणून. नंतर कुणीतरी दाराच्या जागी भिंत आणि खिडकी घातली, आत न्हाणीघर काढलं, वर कार्पेट टाकलं, पण फरशी सपाट करायचा खर्च वाचवला. नऊ नंबरमध्ये एका कोपऱ्यातलं कार्पेट उचललं तर खाली काँक्रीटवर तेलाचा जुना डाग होता. मला इतका आनंद झाला की मी त्या डागाचेच सतरा फोटो काढले. नातू दारात उभा राहून बघत होता. "दीदी, तो डाग आहे," तो म्हणाला.

खोलीला चिकटून गॅरेज ही कल्पना मोटेल या शब्दाइतकीच जुनी. आर्थर हाइनमन नावाच्या वास्तुविशारदाने १९२५ च्या डिसेंबरात कॅलिफोर्नियातल्या सॅन लुईस ओबिस्पोला 'माइलस्टोन मो-टेल' उघडलं. मोटर आणि हॉटेल जोडून केलेला हा शब्द तिथे पहिल्यांदा पाटीवर चढला. गाडी हीच तेव्हा प्रवाशाची सगळ्यात मोलाची चीज होती. नंतरच्या वर्षी, १९२६ साली, शिकागो ते लॉस एंजेलिस असा रूट ६६ आखला गेला, जवळजवळ २,४५० मैलांचा, आणि त्याच्या कडेने आधी तंबूंचे तळ, मग लाकडी झोपड्या, मग अंगणाभोवती खोल्या असलेले 'टुरिस्ट कोर्ट' उभे राहत गेले. आमच्याच राज्यातल्या टुकमकॅरीचं ब्लू स्वॅलो मोटेल पाहिलं तर गॅरेजेस जशीच्या तशी दिसतात. ते १९९३ सालीच यादीत आलं. मी तिथे मुद्दाम गेले, तिथल्या गॅरेजच्या दाराची रुंदी मनातल्या मनात मोजली आणि थोडी जळलेसुद्धा. त्यांच्याकडे मूळ आहे, आमच्याकडे बुजवलेलं.

बांधकामाबद्दल दोन गोष्टी सांगायलाच हव्यात, कारण त्या मला कागदात नाही, भिंतीत सापडल्या. बाहेरून सगळं मोटेल इथल्या मूळ रहिवाशांच्या मातीच्या प्युब्लो घरांसारखं दिसतं: सपाट छप्पर, गोलसर कठडा, आणि कठड्याखाली लाकडी तुळयांची टोकं बाहेर आलेली. या तुळयांना इकडे विगा म्हणतात. आत जाऊन छत पाहिलं तर तुळई नाहीच. टोकं नुसती बाहेरून बसवलेली आहेत, एक तर हाताने हलते. पूर्वेकडून आलेल्या प्रवाशाला आपण नैर्ऋत्येच्या मुलखात आलो असं वाटावं म्हणून केलेली ती सजावट. मला आधी ही लबाडी वाटली. नंतर मत बदललं. रस्त्याकडून दिसेल तेवढंच सजवायचं हा या इमारतीचा प्रामाणिकपणाच आहे, मागची बाजू पूर्ण कोरी आहे. दुसरी गोष्ट गंभीर. गिझरमागे प्लास्टर पडलं होतं तिथे आत खऱ्या मातीच्या विटा दिसल्या, अडोबी. पुढचं ऑफिस पोकळ भाजक्या विटांचं आणि मागची रांग मातीची. मातीच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा चढवला की आत शिरलेला ओलावा बाहेर पडत नाही, भिंत पायापाशी आतल्या आत भुसभुशीत होते आणि वरून ठणठणीत दिसते. अकरा नंबरच्या मागे बोटाने टकटक केलं तर पोकळ आवाज आला. सातव्या प्रकरणात मी ते लिहिलं. बांना सांगायला दोन आठवडे लावले.

पाटीवरून मात्र खूप काही मिळालं. रस्त्याकडे उंच लोखंडी खांबावर पत्र्याची पेटी आहे, आणि तिच्यावर प्लास्टिकचा उजळ फलक. नातवाने आणि मी शिडी लावून प्लास्टिकचा एक पत्रा काढला. आतल्या पत्र्यावर निऑनच्या नळ्या टेकवायची भोकं ओळीने होती, आणि रंगाच्या थराखाली अक्षरांच्या कडा उन्हात उठून दिसत होत्या. 'मोटेल' च्या खाली 'कोर्ट'. इंग्रजीत पाच अक्षरांच्या जागी पाच अक्षरं, म्हणून पत्रा तोच ठेवता आला असावा. दुसऱ्या महायुद्धानंतर रस्त्यावरचे बहुतेक कोर्ट असेच मोटेल झाले. निऑनच्या कारागिराला दाखवलं तेव्हा त्याने भोकांमधली अंतरं पाहून नळीची वळणं सांगितली. लाल हवा असेल तर निऑन वायू, निळा हवा असेल तर आरगॉनमध्ये पाऱ्याचा थेंब, हेही त्याच्याकडूनच शिकले. दुरुस्तीचा आकडा त्याने कागदावर लिहून दिला. नातवाने तो घडी करून खिशात ठेवला, मला दाखवला नाही.

पहिला मसुदा मी उत्साहात पाठवला आणि तो परत आला. राज्याच्या कचेरीत अर्ज तपासणाऱ्या बाईंनी समासात एकच ओळ लिहिली होती, तीत सगळं होतं. मी मोटेलचा महत्त्वाचा काळ १९४१ ते १९५६ असा धरला होता. १९५६ साली आंतरराज्य महामार्गांचा कायदा झाला, तिथे गोष्ट संपवणं मला नीटनेटकं वाटलं. त्यांचा प्रश्न: गॅरेजेस १९५६ नंतर बुजवली असतील, तर तुमच्याच हिशेबाने मूळ दर्शनी भागाचा एवढा मोठा हिस्सा गेला, मग वास्तूत मूळपण उरलं कुठे? बरोबरच होतं. मी स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतला होता.

आता गॅरेजेस नक्की कधी बुजवली ते शोधणं भाग होतं. ग्रंथालयात मायक्रोफिल्मवर काउंटीचं जुनं वर्तमानपत्र पाहिलं. १९५८ च्या जाहिरातीत "सात खोल्या", १९६३ च्या जाहिरातीत "बारा खोल्या, रेफ्रिजरेटेड एअर". (हे दुसरं म्हणजे खरा एसी, पाण्याचा कूलर नव्हे. या वाळवंटात तेव्हा ती मिरवायची गोष्ट होती.) मधली पाच वर्षं अजून मोकळी. उत्तर मिळालं ते कमोडच्या टाकीत. जुन्या टाक्यांच्या आत किंवा झाकणाखाली बनवल्याची तारीख उठवलेली असते. पाच खोल्यांपैकी चार टाक्या नंतर बदललेल्या, तीन नंबरची मूळची. मी झाकण उलटं करून टॉर्च धरला: १९६१. बा दाराबाहेरून विचारत होत्या, काय झालं, तुंबलं का?

गाड्या पन्नासच्या दशकात लांब-रुंद झाल्या, चाळीसच्या मापाच्या गॅरेजमध्ये त्या नीट मावेनात. रस्त्यावर मात्र गर्दी मावत नव्हती. मालकाने नको झालेल्या जागेच्या विकायच्या खोल्या केल्या. म्हणजे बुजवलेली गॅरेजेस ही हानी नव्हे, रूट ६६ च्या भरभराटीचाच पुरावा. हे सुचायला मला जे चार महिने लागले त्यांची लाज वाटते. मी आठवं प्रकरण नव्याने लिहिलं आणि काळ १९४१ ते १९७३ असा धरला. १९७३ का? कारण ते साल २०२३ होतं, आणि ५० वर्षांची रेघ तिथे पडत होती.

तिथेच ती गाठ आली. बांचं कुटुंब १९८२ साली इथे आलं. नवा आय-४० महामार्ग तोवर गावाला वळसा घालून गेला होता, १९८५ साली तर रूट ६६ चा क्रमांकच अधिकृतपणे रद्द झाला. ज्या वर्षांत शेजारची मोटेलं एकामागून एक फळ्या ठोकून बंद झाली, त्या वर्षांत बा आणि त्यांचे यजमान रात्री दोनला घंटा वाजली तर उठून दार उघडत होते. गोऱ्या मालकांच्या दारांवर तेव्हा 'अमेरिकन ओन्ड' असे फलक लागायचे, म्हणजे इथे भारतीय मालक नाही बरं का, असं गिऱ्हाइकाला सांगायला. मोटेल आज उभं आहे ते या माणसांमुळे. अर्जात मात्र त्यांचा काळ इतिहास नाही, नऊ वर्षं कमी पडतात. अपवादात्मक महत्त्व सिद्ध केलं तर सूट असते, पण त्यासाठी वेगळाच खटाटोप करावा लागला असता आणि नातू आधीच थकला होता. मी तो सोडला. अजून टोचतं. कृष्णवर्णीय प्रवाशांना कुठे प्रवेश मिळेल ते सांगणारं 'ग्रीन बुक' १९३६ पासून निघायचं, त्यात हे मोटेल मला सापडलं नाही, ते वाक्य मात्र मी आठव्या प्रकरणात ठेवलं. त्यावर कुणी प्रश्न विचारला नाही.

पुढचं सरळ झालं. राज्याच्या समितीपुढे दहा मिनिटं बोलले, तेलाचा डाग दाखवला, लोक हसले आणि मंजूर केलं. मग अर्ज वॉशिंग्टनला, तिथे ४५ दिवसांची मुदत. पत्र आलं. पितळी फलक सरकार देत नाही, तो आपल्या पैशाने करायचा, हे कळल्यावर बा म्हणाल्या, "मग कागदच फ्रेम करू."

त्या दिवशी नातवाने त्यांना सातवं प्रकरण गुजरातीत वाचून दाखवलं. सगळं नाही, 'नंतरचे बदल' एवढा परिच्छेद, कारण त्यांचा सगळा संसार त्यातच होता. खोट्या छताच्या पट्ट्या. ऑफिसपुढचा उतार. दोन नंबरचं न्हाणीघर. ॲल्युमिनियमच्या खिडक्या, १९८६.

"पंच्याऐंशी," बा म्हणाल्या. "त्या वर्षी गारा पडल्या, सगळ्या काचा फुटल्या. आम्ही दोघांनी रात्री पुठ्ठे लावले होते."

मी म्हटलं, "बा, हे आधी का नाही सांगितलंत? आता यादीत छाप्यात गेलं."

"दीकरी, तू मला एकेचाळीस सालचं विचारत होतीस."